मोठ्या स्वारीचा रसदहिशोब कागदावर कसा मांडायचा

युद्धेतिहास वाचताना, युद्धखेळ मांडताना किंवा एखाद्या मोहिमेवर लिहायला बसताना नकाशावरचे जाड बाण फसवतात. बाण एका पानात शंभर कोस जातो आणि त्याला दाणा-वैरण लागत नाही. म्हणून इथली रीत उलट बाजूने जाते. आधी रोजचे टन काढायचे, मग ते ज्या वाटेने येणार ती वाट तपासायची आणि बाण कुठवर ओढायचा ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. मोहिमेचा नकाशा, मापपट्टी, कॅल्क्युलेटर आणि चौकटीची वही एवढं साहित्य पुरतं. मुख्य उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं, दोस्तराष्ट्रांनी जून १९४४मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईचं घेतलं आहे, कारण तिचे आकडे भरपूर सापडतात. पण सुरुवात पानिपतापासून केलेली बरी.

खाणारी तोंडं

वहीत तीन रकाने आखा: माणसं, जनावरं, यंत्रं. पहिल्या रकान्यात फक्त लढणारे लिहिले की पुढचा सगळा हिशोब चुकतो. १७६०मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, कुटुंबकबिला होता. त्यांच्या हातात तलवार नव्हती, पण पोट सगळ्यांना होतं.

माणशी रोज कोरडा शिधा सुमारे १ किलो धरा, पिण्या-शिजवण्याला पाणी ४ ते ५ लिटर, कडक उन्हाळ्यात दुप्पट. घोड्याला चंदी ४ किलो, वैरण ८ किलो, पाणी ३० ते ४० लिटर. नेमक्या फौजेचे आकडे वादग्रस्त असले तर दहा हजारांचं एकक घ्या. दहा हजार घोड्यांना रोज १२० टन लागतात. लादणीचा बैल सरासरी १०० किलो वाहतो असं धरलं, तर एका दिवसाच्या खुराकाला १,२०० बैल. वंजाऱ्यांचे तांडे का सांभाळावे लागत ते या एका ओळीत दिसतं.

आता वाट बंद करून बघा. ऑक्टोबर १७६०मध्ये कुंजपुरा हाती आलं, तिथे धान्य मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीकडची वाट त्याच्या हातात गेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा दुआबातून शत्रूची रसद तोडण्याचा उद्योगही बसला. १४ जानेवारी १७६१ची लढाई उपाशी फौजेने दिली. वहीत हे आवकेच्या रकान्यात शून्य आणि खर्चाच्या रकान्यात रोज तेवढाच आकडा असं दिसतं. घोड्याचा खर्च लढाई असो-नसो चालूच राहतो. ट्रक उभा असला की काही खात नाही, हा फरक हिशोबात विसरू नका.

यंत्रांच्या युगात रकाना बदलतो. १९४४च्या अमेरिकन डिव्हिजनला चढाईत रोज साधारण ६०० ते ७०० टन धरायचे. त्यात जेवणाचा वाटा किरकोळ: पंधरा हजार माणसं, डबाबंद अन्न वेष्टनासकट माणशी ३ किलो, म्हणजे ४५ टन. उरलेलं बहुतेक इंधन आणि दारूगोळा. फौज पळत असेल तर इंधन वर चढतं, अडकली असेल तर तोफगोळे. एकच सरासरी सगळ्या मोहिमेला लावली की नेमका कशाचा तुटवडा पडला ते कळतच नाही.

घसा शोधा

कारखाना, बंदर, जहाज, किनारा, कोठार, रस्ता, पलटण अशी साखळी लिहा आणि प्रत्येक कडीपुढे रोजचे टन मांडा. सगळ्यात लहान आकडा तोच खरा, तोच या साखळीचा घसा. बाकीच्या कड्या कितीही रुंद असल्या तरी उपयोग नाही.

नॉर्मंडीत घसा किनाऱ्यावर होता. ६ जूनला सुमारे १,५६,००० सैनिक उतरले, पण ताब्यात बंदर एकही नव्हतं. म्हणून दोन कृत्रिम बंदरं तुकड्यातुकड्यांनी इंग्लंडातून ओढत आणली होती. त्यांतले सर्वांत मोठे काँक्रीटचे पोकळ ठोकळे सुमारे ६० मीटर लांब आणि ६,००० टनांचे होते. जागेवर पाणी भरून ते बुडवायचे की लाटा अडवणारी भिंत तयार. १९ ते २२ जूनच्या वादळात ओमाहा किनाऱ्यावरचं अमेरिकन बंदर मोडलं. आरोमांशचं ब्रिटिश बंदर वाचलं.

हिशोब करणाऱ्याने इथे थांबून पाहावं. वादळानंतर ओमाहावरची आवक आटायला हवी होती, पण आटली नाही. रणगाडे वाहणारी सपाट बुडाची जहाजं भरतीला किनाऱ्यावर चढवायची, ओहोटीत ती कोरड्या वाळूवर बसली की समोरचं दार उघडून ट्रक थेट पोटात घालायचे आणि पुढच्या भरतीला जहाज तरंगवायचं. जहाजाचं बूड मोडेल म्हणून आधी याची धास्ती होती. प्रत्यक्षात बूड टिकलं आणि उतरणाऱ्या टनांचा मोठा वाटा याच रीतीने आला. म्हणून प्रत्येक कडीपुढे ‘दुसरी वाट’ असाही एक रकाना ठेवा. शेरबुर्ग बंदर जूनअखेर मिळालं, पण जर्मनांनी ते इतकं मन लावून उद्ध्वस्त केलं होतं की पहिला माल तिथे जुलैच्या मध्यावर उतरला. बंदर जिंकल्याची तारीख आणि बंदर चालू झाल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची.

अंतर आणि गाड्या

सूत्र साधं आहे. रोजचे टन भागिले एका गाडीचे टन, गुणिले एका फेरीचे दिवस, भागिले चालू गाड्यांचं प्रमाण.

एक डिव्हिजन, ६०० टन, गाडीमागे ४ टन, एका बाजूचं अंतर ३०० किलोमीटर. ताफा थांबे धरून ताशी २० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाकावर ३० तास. भरणं, उतरवणं आणि ताफा जमवणं यात आणखी ३० तास. एकूण ६० तास, अर्थात अडीच दिवस. रोज १५० गाड्या सुटायला हव्यात, म्हणून ३७५ गाड्या सतत फिरत्या. चारांतली एक दुरुस्तीत धरली की ५००. हे एका डिव्हिजनचं. ऑगस्टअखेर सीन नदीच्या परिसरात अमेरिकनांच्या अशा वीसहून जास्त डिव्हिजन्स होत्या.

आता आकडे हलवून बघा, खरी गंमत इथे आहे. अंतर निम्मं, म्हणजे १५० किलोमीटर केलं तरी गाड्या निम्म्या होत नाहीत, ५०० वरून ३७५वर येतात, कारण बसून राहण्याचे ३० तास तसेच असतात. उलट ते ३० तास २०वर आणले तर ३०० किलोमीटरलाही सुमारे ८० गाड्या वाचतात. नवे ट्रक मागण्याआधी कोठाराच्या फाटकाशी रांग किती वेळ उभी राहते ते बघावं, ते यासाठी.

२५ ऑगस्ट १९४४ला सुरू झालेली ‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही याच सूत्राची प्रत्यक्ष अंमलबजावणी. एक रस्ता फक्त जाणाऱ्यांना, दुसरा फक्त येणाऱ्यांना, इतर वाहतूक बंद. ऐन भरात जवळपास ६,००० गाड्या आणि दिवसाला १२,००० टनांच्या वर माल. चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. बिघडलं कुठे? अडीच टनी गाडीत पाच टन भरले तसे टायर आणि स्प्रिंगा गेल्या, झोप न झालेले चालक झाडांवर आदळले, आणि देखभालीला गाडी थांबवायची कोणाची तयारी नव्हती. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ती चालली. चालू गाड्यांचं प्रमाण पहिल्या आठवड्यात पाऊण धरलंत तर शेवटच्या आठवड्यात तेच धरू नका.

बैलगाडीला हेच सूत्र वेगळं वागतं. गाडीत ५०० किलो, बैलजोडी दिवसाला २० किलो खाते आणि वाटेत चराई नाही असं समजा. दहा दिवसांच्या जाण्यायेण्यात २०० किलो बैलांच्याच पोटात. पंचविसाव्या दिवशी गाडी रिकामी. चराई मिळाली तरच जुन्या काळातली लांब स्वारी जमते. म्हणून आपल्याकडे सीमोल्लंघन दसऱ्याला, पाऊस सरून गवत उभं असताना, आणि नेपोलियननेही १८१२ साली रशियावर जाताना नेमान नदी ओलांडली ती जूनच्या २४ तारखेला, कुरणं वाढल्यावर.

डबा

इंधनाचे टन लिहिले की भांडी मोजायला विसरायचं नाही. तेव्हा पेट्रोल आघाडीवर जायचं ते २० लिटरच्या जेरीकॅनमध्ये. मूळ रचना जर्मन: ठोकून काढलेले दोन अर्धे कडेला वेल्ड केलेले, वर तीन मुठी. मधली मूठ एकट्याला, बाजूच्या दोन्ही दोघांना भरलेला डबा उचलायला. रिकामे डबे मात्र एका हातात दोन येतात. झाकण खटक्याने बसतं, ओतताना हवा आत जायला नळी असते आणि वरच्या फुगवट्यात हवा राहत असल्याने भरलेला डबा पाण्यात तरंगतो. भरल्यावर वजन सुमारे २० किलो.

रोज दोन लाख लिटर म्हणजे रोज दहा हजार डबे, २०० टन. पण ते पोचवून भागत नाही, रिकामे परत आले पाहिजेत. फेरी पाच दिवसांची असेल तर पन्नास हजार डबे फिरते हवेत. १९४४च्या उन्हाळ्यात पुढे धावणाऱ्या तुकड्यांनी रिकामे डबे रस्त्याकडेला टाकले, आणि पेट्रोल असूनही भरायला डबा नाही अशी वेळ आली. फ्रेंच नागरिकांना डबे परत करा म्हणून आवाहन करावं लागलं. ज्याला आपण बारदान म्हणतो त्याचा जमाखर्च वेगळ्या पानावर ठेवा.

भरण्याचा क्रम

आधी लागणारा माल शेवटी भरायचा. घर हलवताना गॅसची शेगडी टेंपोत सगळ्यात आत गेली की जो घोळ होतो तोच इथे. क्रमाने भरलेल्या जहाजात जागा वाया जाते, गच्च भरलेल्यात हवी ती पेटी सापडत नाही. पहिल्या लाटेला क्रम, नंतरच्या फेऱ्यांना गच्च भरणा, अशी विभागणी करावी. नॉर्मंडीत पहिल्या काही दिवसांत मालाच्या याद्या जहाजांआधी किनाऱ्यावर पोचल्याच नाहीत. हवं तेवढंच निवडून उतरवायच्या हट्टात जहाजं समोर नांगरून राहिली, आणि शेवटी दिसेल ते उतरवा असा हुकूम निघाला. १९९०-९१च्या आखाती युद्धात सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले गेले. आत काय आहे ते बाहेरून कळेना, म्हणून त्यांतले निम्म्याहून जास्त उघडून बघावे लागले.

साठवणही यातच धरा. चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र या कामाचा उत्तम नमुना आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-गवत आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि माणसं रयतेच्या घरात शिरतील, हा इशारा त्यात आहेच. शिवाय दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत विचार आहे. साठ्याच्या आकड्यातून आग, उंदीर आणि ओल यांची घट आधीच वजा करावी.

परकी रुळवाट

शत्रूची रेल्वे आयती मिळेल असं गृहीत धरणं ही नेहमीची चूक. जून १९४१मध्ये जर्मन फौज सोव्हिएत हद्दीत शिरली तेव्हा तिचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतराचे आणि समोरचे १,५२४चे. ८९ मिलिमीटरचा फरक. एक रूळ आत सरकवून खिळे ठोकणं तुलनेने सोपं, कारण खालचे स्लीपर लाकडी होते. अडलं ते पुढे. सोव्हिएत इंजिनं मोठी, त्यामुळे पाणी भरायच्या जागा लांब-लांब. जर्मन इंजिन तिथवर पोचेना. थंडीत त्यांच्या बाहेरून गेलेल्या नळ्या गोठून फुटल्या. ट्रकच्या भरवशावर पल्ला होता साधारण ५०० किलोमीटर, आणि मॉस्को हद्दीपासून त्याच्या दुप्पट. मग गाड्यांत जागा इंधन-दारूगोळ्याला गेली आणि गरम कपडे मागे पोलंडात राहिले.

तारीख, आणि वेळेआधी जिंकणं

नॉर्मंडीला ओहोटी पहाटेनंतर लगेच हवी होती, म्हणजे किनाऱ्यावरचे अडथळे उघडे पडतील, आणि छत्रीधारी सैनिकांसाठी रात्री चांदणं. दोन्ही जुळणारे दिवस ५, ६ आणि ७ जून. खराब हवेमुळे ५ चा बेत ६ वर गेला. आणखी ढकलला असता तर ओहोटी पुन्हा जुळणार होती १९ जूनच्या सुमारास, म्हणजे वादळाच्याच दिवशी. वहीत तारखेशेजारी पुढची शक्य तारीख लिहायची ती याचसाठी.

आणि एक पान यशासाठी राखा. नॉर्मंडीच्या मूळ आराखड्यात चढाईपासून ९० व्या दिवशी सीन नदी, तिथे थांबून कोठारं भरायची आणि जर्मन सरहद्द ३३० व्या दिवशी. प्रत्यक्षात ४९ व्या दिवशी फौज २० व्या दिवसाच्या रेषेवर अडकली होती. माल उतरवायला जागा नाही, पण अंतर कमी. मग जर्मन फळी फुटली आणि ११-१२ सप्टेंबरला, म्हणजे ९८ व्या दिवसाच्या आसपास, सैन्य सरहद्दीवर. कोठारं मात्र किनाऱ्यालाच, कारण मध्ये थांबून ती पुढे आणायचा महिना कोणी घेतलाच नाही. म्हणून हिशोब तीनदा करा: ठरल्याप्रमाणे, अडकल्यास आणि वेळेआधी जिंकल्यास. तिसऱ्यात बहुतेक आराखडे फाटतात.

तिसरा हिशोब मांडताना अँटवर्पचं पान जरूर काढा. ४ सप्टेंबरला बंदर हाती आलं, धक्के आणि क्रेन जवळजवळ शाबूत. पण समुद्राकडून येणारी शेल्ट खाडी जर्मनांकडे होती. ती नोव्हेंबरात मोकळी झाली, सुरुंग काढले गेले आणि पहिला ताफा २८ नोव्हेंबरला आत आला. मधले ८५ दिवस नकाशावर बंदर आपल्या रंगात रंगवायचं आणि वहीत त्याच्यापुढे शून्य टन लिहायचे.