साताऱ्याचा जांभा एक्स-रे टायकोग्राफीला नेताना

जांभ्यातलं लोह कुठे साचलंय आणि मधली छिद्रं कशी आहेत, हे २०-३० नॅनोमीटरपर्यंत बघायचं तर सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे कणत्वरकातून निघणाऱ्या प्रखर एक्स-रेंचा झोत लागतो. टायकोग्राफीत हा झोत नमुन्यावर एकमेकांवर चढणाऱ्या ठिपक्यांत टाकतात, दर वेळी विखुरलेला प्रकाश डिटेक्टरवर टिपतात आणि त्यावरून संगणकावर चित्र उभं करतात; हीच पुनर्रचना. हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ किंवा ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉन केंद्रावर वेळ मिळाला, तरी निम्मं काम साताऱ्यातच करून ठेवावं लागतं. तिथे नमुना घासत बसायला सवड नसते.

कासच्या पठारावरून दगड उचलू नका, ते संरक्षित क्षेत्र आहे. पाडलेल्या बांधकामातला चिऱ्याचा तुकडा पुरतो. तुकडा अ‍ॅगेटच्या खलात दळा. लोखंडी खलबत्ता नकोच, कारण जे मोजायचं तेच त्यातून मिसळतं. २ मिलिग्रॅम पूड १ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १० मिनिटं ठेवा. मग नळी हलवू नका. या द्रवात ५ मायक्रॉनचा लोह-ऑक्साइडचा कण सुमारे ७ मिनिटांत १ सेंमी खाली बसतो, म्हणून ७ मिनिटांनी वरच्या सेंटिमीटरमध्ये त्याहून बारीकच उरतात. तिथूनच १ मायक्रोलिटर उचला.

हा थेंब सिलिकॉन नायट्राइडच्या खिडकीवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या पातळ पापुद्र्यावर सोडायचा. चिमटा फक्त चौकटीला लावायचा, पापुद्र्याला टोक लागलं की खिडकी गेली. सुकल्यावर चौकट उलटी धरून हलकेच टिचकी मारा. सुटे कण इथेच पडू देत, नाहीतर झोतात सरकून सगळं मोजमाप वाया घालवतील. पावसाळ्यात पेटी सिलिका जेलसोबत ठेवा. शेवटी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून, खिडकीचा एक कोपरा शून्य धरून प्रत्येक कणाचे निर्देशांक लिहा. या नकाशाशिवाय तिथे कण शोधण्यातच पाळी संपते.

एक्स-रेची ऊर्जा ७.० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) घ्या. लोहाची के-कडा, म्हणजे जिथून लोह एक्स-रे जोराने शोषू लागतं ती ऊर्जा, ७.११२ वर आहे. ती ओलांडली की लोह स्वतःच चमकतं आणि डिटेक्टरच्या कडेचे क्षीण ठिपके त्या धुक्यात बुडतात. बारीक तपशील नेमका त्या कडेच्या ठिपक्यांत असतो.

आता हिशेब. ७.० केईव्हीला तरंगलांबी ०.१७७ नॅनोमीटर. १०० मायक्रॉन व्यासाची, ५० नॅनोमीटर बाह्यवलयाची झोन प्लेट (एक्स-रे एकवटणारी वलयांची चकती) घेतली तर नाभी २८ मिमीवर येते. नमुना नाभीवर ठेवू नका, ०.५६ मिमी पुढे सरकवा, म्हणजे झोत २ मायक्रॉनचा होतो. झोत मोठा झाला म्हणून चित्र ढोबळ होत नाही: ७५ मायक्रॉनच्या पिक्सेलचा डिटेक्टर ५ मीटरवर असेल आणि ५१२ × ५१२ पिक्सेल घेतले, तर चित्राचा पिक्सेल २३ नॅनोमीटरचा पडतो. झोत मात्र ६ मायक्रॉनच्या आत हवा, नाहीतर डिटेक्टरच्या पिक्सेलना विखुरलेल्या प्रकाशातले पट्टे वेगळे दिसत नाहीत.

पावलं ०.६ मायक्रॉनची ठेवा, म्हणजे झोताचे शेजारचे ठिपके ७० टक्के एकमेकांवर चढतात. १२ × १२ मायक्रॉनला सुमारे ४०० ठिपके होतात. ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखे सरळ ओळीत मांडू नका, पुनर्रचनेत तीच जाळी चित्रावर उमटते. सूर्यफुलाच्या बियांसारखी फर्माची सर्पिल मांडणी घ्या.

आधी सिमेन्स तारा, म्हणजे केंद्रातून निघणाऱ्या आऱ्यांची चाचणी-नक्षी, स्कॅन करा. त्यावर काय बिघडलं ते लगेच कळतं. आरे एकाच दिशेला दुहेरी दिसले तर झोत पुरेसा सुसंगत नाही (त्याच्या लाटा एकतालात नाहीत) किंवा काहीतरी थरथरतंय: झोताच्या वाटेतली फट अरुंद करा, प्रकाश घटेल तो सोसा, नाहीतर पुनर्रचनेत झोताचे २-३ मोड (एकात मिसळलेले वेगळे घटक) धरा. आरे लाटेसारखे वाकले तर नमुना सरकतोय. खोलीचं तापमान स्थिर होऊ द्या आणि पुनर्रचनेत ठिपक्यांची जागा-दुरुस्ती चालू ठेवा. मध्यभागी डिटेक्टर संपृक्त होत असेल तर फिल्टर लावा, मधले पिक्सेल नुसते झाकून टाकू नका. कला (लाटेचा टप्पा, फेज) एका बाजूला उतरती दिसली तर घाबरू नका: डिटेक्टरचं केंद्र एखाद्या पिक्सेलने चुकलंय, उतार वजा करा.

पुनर्रचना तिथेच, पाळी चालू असताना करा. ईपाय या गणनपद्धतीची २००-३०० आवर्तनं पहिल्या अंदाजाला पुरतात. कणांच्या एखाद्या जाड गुठळीच्या मध्यभागी कला अचानक उडी मारत असेल, तर तिथे हेमटाइटची (लोह-ऑक्साइडची) जाडी ९-१० मायक्रॉनच्या आसपास गेली आहे आणि कला पूर्ण फेरा घेऊन परत शून्यावर आलीय. नकाशातला पुढचा, बारीक कण घ्या.