मेपलची गिटार घेताय? मराठवाड्याच्या हवेत या चुका टाळा

उदगीरहून एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, लेकरू हीच गिटार पाहिजे म्हणून बसलंय. फोटो टाकलाय बघा, मागून वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे आहेत. घेऊ का?"

फोटोतली गिटार खरंच देखणी होती. मेपल नावाचं पिवळसर पांढरं लाकूड, त्यावर आडव्या लाटा, काठाला तपकिरी छटा. मी विचारलं, "तो कुणाच्या गाण्यामागे वाजवतो की एकटाच?" ते म्हणाले, "एकटाच. रात्री गच्चीवर बसतो." मग मी त्यांना थांबायला सांगितलं.

लातूरला बारा वर्षं गिटार शिकवतोय आणि मेपलच्या बाबतीत तेच घोटाळे पुन्हा पुन्हा बघतोय. त्यातला सगळ्यात महागात पडणारा म्हणजे पट्टे बघून गिटार घेणं. झाडाचे तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वाढले की कापलेल्या फळीवर उजेड कमी-जास्त पडतो आणि पट्टे दिसतात. ते डोळ्यांना सुख देतात, आवाजात भर घालत नाहीत. पाठीच्या लाकडामुळे आवाजात जो फरक पडतो, तो लाकूड कंप किती लवकर गिळतं यावर. शिसवाची पातळ फळी दोन बोटांत धरून टिचकी मारा, ती घंटेसारखी घुमते. मेपलची फळी 'टक' म्हणते आणि गप्प होते. सतारवाले ज्याला आस म्हणतात, ती मेपलच्या गिटारला कमी असते. सूर उमटतो तो स्वच्छ आणि ठाम, पण मागे रेंगाळत नाही.

इथे हमखास प्रश्न येतो, "मग व्हायोलिन मेपलचं कसं काय?" बरोबर आहे, व्हायोलिनची पाठ आणि बाजू शतकानुशतकं मेपलच्याच बनत आल्यात. पण व्हायोलिनला गज आहे. गज फिरतोय तोवर तारेला जोर मिळतच राहतो, आस लाकडाने धरून ठेवायची गरज नसते. गिटारची तार एकदा छेडली की पुढचं सगळं लाकडावर. म्हणून व्हायोलिनचा दाखला देऊन कुणी मेपल गळ्यात मारत असेल तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

याचा अर्थ मेपल वाईट असा अजिबात नाही. ढोलकी, हार्मोनियम आणि दोन गाणारे असा मेळ बसला की शिसवी गिटारचा खर्ज ढोलकीच्या घुमाऱ्यात मिसळतो आणि सगळा चिखल होतो. तिथे मेपलची गिटार वेगळी ऐकू येते, प्रत्येक ठोका सुटा. माइकसमोर ती लवकर शिट्टी मारत नाही, हा स्टेजवरचा मोठा फायदा. गिब्सन कंपनीची सुपर जम्बो गिटार १९३७ मध्ये आली तेव्हा तिची पाठ शिसवाची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मेपलची झाली आणि जे-२०० या नावाने जोरकस स्ट्रमिंग करत गाणाऱ्यांच्या हातात दिसू लागली. भजनाला, लग्नातल्या ऑर्केस्ट्राला, चर्चमधल्या गाण्यांना साथ करायची असेल तर मेपलचा विचार जरूर करा. रात्री एकट्याने बोटांनी आळवायचं असेल तर आधी शिसवी किंवा महोगनी ऐका.

'मेपल' म्हणजे नेमका कुठला भाग?

जाहिरातीत 'मेपल' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात फक्त मान मेपलची निघते. कधी वरचा कागदाएवढा पापुद्रा मेपलचा आणि आत दुसरंच लाकूड. कधी तर पट्टे चक्क छापलेले. मेपल बॉडी म्हणतात तेव्हाही पाठ आणि बाजूच मेपलच्या असतात; पुढचा टॉप, म्हणजे तारांखालची फळी, बहुतेक स्प्रूस या लाकडाचा असतो आणि आवाजाचा मोठा वाटा त्या टॉपचा असतो. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न टॉपबद्दल विचारा: सॉलिड (एकसंध लाकडाचा) आहे की प्लाय (थर चिकटवलेला)?

दुकानदाराच्या उत्तरावर थांबू नका. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या काठावर टॉपची जाडी दिसते. वरच्या रेघा त्या काठावरून सरळ खाली उतरत असतील तर टॉप सॉलिड. मध्येच आडवे थर दिसले तर प्लाय. पाठीसाठी बाहेरचा एखादा ठळक पट्टा किंवा गाठ लक्षात ठेवा आणि आतून त्याच जागी बघा. आत कोरं, सपाट लाकूड असेल तर पट्टे फक्त वरच्या थरात आहेत. जाड चकचकीत रंगाखाली झाकलेल्या पाठीचं काहीच ठरवता येत नाही, अशा गिटारला मी लाकडाचे जास्तीचे पैसे देत नाही.

आणखी एक. मेपल हे एकच लाकूड नव्हे. उत्तर अमेरिकेतला शुगर मेपल घनमीटरला सुमारे ७०० किलो भरतो, तिथल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा बिगलीफ मेपल त्यापेक्षा बराच हलका असतो. दोन्हीच्या गिटार एकसारख्या वाजत नाहीत. म्हणून एक मेपल ऐकून दुसऱ्याबद्दल मत बनवू नका.

प्लायला नाक मुरडणं

प्लाय म्हणजे फसवणूक, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. टॉपबद्दल माझाही तोच आग्रह आहे, सॉलिडच घ्या. पाठीबद्दल मात्र नाही. गिल्ड कंपनीच्या नावाजलेल्या मेपल जम्बो गिटारची कमानदार पाठ साच्यात दाबलेल्या थरांचीच असते आणि त्या खणखणीत वाजतात. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने अशी पाठ कोरड्या हवेत सहज तडकत नाही. आपल्याकडे पहिली मेपल घेणाऱ्याला मी सॉलिड स्प्रूस टॉप आणि प्लाय मेपल पाठ हेच सुचवतो.

आपली हवा विसरणं

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते. मग जून-जुलैत पाऊस लागला की तीच हवा ओलीचिंब. मेपल शिसवापेक्षा जास्त आकसतं आणि जास्त फुगतं, त्यामुळे हा झोका त्याला जास्त सोसावा लागतो.

माझी पहिली सॉलिड मेपल मी एका मे महिन्यात भिंतीवरच्या खुंटीला टांगून पंधरा दिवस गावी गेलो. परत आलो तर मानेच्या कडेला फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचत होती आणि खालच्या तारा जागोजागी झणझणत होत्या. मी घाईने एका दुकानात नेली. तिथे ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला लोखंडी दांडा, फिरवून दिला, झणझण थांबली. पावसाळ्यात टॉप फुगला, तारा वर उचलल्या गेल्या, बोटं दुखायला लागली. मग सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, घासून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात टॉप पुन्हा बसला आणि आता तारा फ्रेटवर टेकल्या. घासलेला सॅडल परत वाढत नाही, नवा बसवावा लागला. मूळ दुखणं हवेचं होतं आणि उपचार आम्ही लोखंडावर आणि हाडावर करत बसलो.

म्हणून उन्हाळ्यात तारा झणझणल्या तर आधी दोन गोष्टी बघा: फ्रेटची टोकं टोचतात का, आणि टॉपवर सरळ पट्टी आडवी ठेवली तर मध्ये खळगा दिसतो का. दोन्ही असतील तर गिटार कोरडी पडलीय. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी गिटारबरोबर केसमध्ये ठेवून केस बंद करा. स्पंजमधून एक थेंबही गळता कामा नये. आठवडा-दोन आठवडे दर दोन दिवसांनी स्पंज ओला करत राहा, मगच सेटअपचा (मान आणि तारांची उंची जुळवण्याचा) विचार करा. पावसाळ्यात याच्या उलट: केसमध्ये सिलिका जेल, आणि सॅडलला हात लावायचा नाही. सॅडलची उंची ठरवायची ती दिवाळीच्या आसपास, हवा मधली असताना. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या आत-बाहेर असली की बहुतेकांना पुरतं.

कूलरचं काय, असं पालक नेहमी विचारतात. कूलरच्या झोतात गिटार कधीच ठेवू नका. दिवसभर कोरडी भट्टी आणि रात्रभर ओला वारा हा रोजचा झोका नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही नको, तिथे ब्रिजचा गोंद सुटतो. खोलीत आर्द्रता मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, तारांच्या दोन-तीन संचांच्या पैशात येतो.

घरी आणल्यावर आवाज टोचतो?

गिटार बदलण्याआधी तारा बदला. ८०/२० ब्राँझच्या तारा मुळातच झगझगीत. मेपलवर फॉस्फर ब्राँझ चढवा, धार उतरते. पातळ पिकऐवजी एक मिलिमीटरचा घ्या आणि ब्रिजजवळून हात साउंडहोलकडे सरकवा. बोटांना नरम म्हणून फार बारीक तारा लावू नका. मेपलला थोडा जोर लागतो, १२ चा संच (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची) बरा.

दुकानात मात्र स्वतःच वाजवून निर्णय घेऊ नका. मेपल आवाज पुढे फेकते, मांडीवर घेऊन वाजवणाऱ्याला तो कमीच ऐकू येतो. सोबतच्याला वाजवायला सांगा आणि दहा फूट समोर उभे राहा.

उदगीरच्या त्या मुलाने तेव्हा शिसवी घेतली. यंदा तो कॉलेजच्या वाद्यवृंदात आहे, ढोलकी आणि हार्मोनियमच्या मधोमध बसतो. परवा त्याचा मेसेज आला, "सर, माझं काहीच ऐकू येत नाही. ती पट्ट्यांची आता बघू का?" रविवारी आम्ही दोघं संभाजीनगरला जातोय. आरसा आणि टॉर्च तो आणणार आहे.