आधी बार, मग हवा : जुनं अ‍ॅटलस-इंपीरियल सागरी डिझेल पुन्हा चालू करताना

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, सिएटलपासून अलास्कापर्यंत, काही टगबोटी आणि लाकडी नौका अजून शंभरीच्या आसपासच्या मंदगती डिझेलवर चालतात. १९२४ सालच्या 'वेस्टवर्ड' नौकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बनलेलं चार सिलिंडरचं अ‍ॅटलस-इंपीरियल आहे. १८८९ साली बांधलेल्या 'आर्थर फॉस' टगमध्ये १९३४ ला ७०० अश्वशक्तीचं वॉशिंग्टन इंजिन बसवलं गेलं. या जातीची इंजिनं मिनिटाला काहीशे फेऱ्यांवर चालतात आणि दाबाच्या हवेने सुरू होतात. पुष्कळांना रिव्हर्स गिअर नसतो, मागे जायचं तर इंजिन थांबवून उलटं सुरू करायचं. रॉकर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफा) उघडे असतात आणि त्यांना तेल हाताने द्यावं लागतं. ही इंजिनं झिजून क्वचितच मरतात. त्यांना मारतं ते सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी, कोरडं बेअरिंग आणि बघायच्या आधी फिरवायची घाई.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला पहिल्या दिवशी हवा लावायचीच नाही. एअर बॉटलचा व्हॉल्व्ह बंद करून लाईनमधला दाब सोडावा, मग सगळे इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरचे छोटे नळ) उघडावेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेलाचं निम्मं-निम्मं मिश्रण सोडून निदान आठवडाभर मुरू द्यावं. क्रँककेसची दारं उघडून तळाचं तेल काढावं. आधी पाणी आलं तर ते चाखू नये, क्लोराइडच्या पट्टीने तपासावं. खारं असेल तर जॅकेट (सिलिंडरभोवतीची थंड करणाऱ्या पाण्याची पोकळी) किंवा लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीचं) सील गळतंय, गोडं असेल तर बहुधा दमट हवेचं साचलेलं पाणी. मग फ्लायव्हीलच्या भोकात बार (लोखंडी दांडा) घालून दोन्ही दिशांना इंच-इंच हलवावं. अडलं तर बारला पाईप लावून जोर वाढवू नये. पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला धरलेल्या असतात, त्या जोराने सुटण्याऐवजी तुटतात. तेल पुन्हा भरावं आणि थांबावं. एक पिस्टन सुटायला महिना लागला तरी तो महिना वाया गेला असं समजू नये.

इंजिन मोकळं झालं की पूर्ण दोन फेरे द्यावेत. चार-स्ट्रोकचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा तरी उघडून मिटलेला दिसतो. मिटायला आळस करणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर रॉकेल आणि तेल सोडावं. गाईडमध्ये अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो.

आता बेअरिंगं. यांत पातळ शेल नसतात, ओतलेला बॅबिट (मऊ मिश्रधातू) असतो आणि दोन अर्ध्यांच्या मधे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या. क्लिअरन्सचा जुना हिशोब जर्नलच्या (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंच व्यासाला पाऊण ते एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असा आहे, म्हणजे ५ इंची जर्नलला साधारण ४ ते ५ थाऊ. मोजायला मऊ शिशाची बारीक तार जर्नलवर ठेवून कॅप पूर्ण आवळावी, पुन्हा उघडावी आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजावी. क्लिअरन्स जास्त निघाला तर दोन्ही बाजूंची शिम सारखीच कमी करावी, एकाच बाजूची काढली तर कॅप तिरपी बसते. त्याआधी बॅबिट कवचाला धरून आहे का ते पाहावं. कवच तेलात बुडवून, पुसून, कडेला अंगठ्याने दाबावं. सांध्यातून तेल पाझरलं तर बॅबिट सुटलेला आहे, ते बेअरिंग नव्याने ओतून घ्यावं लागेल. तिथे शिमचा खेळ करून भागत नाही.

क्रँकशाफ्टचं डिफ्लेक्शन (फिरताना तो किती वाकतो ते) मात्र बोट पाण्यात असतानाच घ्यावं. लाकडी बोट धक्क्यावर चढवली की तिचा आकार बदलतो, सोबत इंजिनाचा बेडही. क्रँकच्या दोन वेबच्या (भुजांच्या) मधे डायल गेज बसवून, बारने हळूहळू फिरवत, एका फेऱ्यात चार-पाच ठिकाणी वाचन घ्यावं. स्ट्रोकच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक उत्तम, १२ इंच स्ट्रोकला तो सव्वा थाऊच्या आसपास येतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट निघाला तर आधी शाफ्टचं कपलिंग सोडून पुन्हा मोजावं. दोष बऱ्याचदा इंजिनात नसतो, मागच्या शाफ्टच्या लाईनमध्ये असतो. मोठ्या जहाजांवर काम केलेल्या आपल्याकडच्या मरीन इंजिनिअरांना हे सगळं हातचं असेल. फक्त इथे कंपनीचा कोष्टक-तक्ता मिळत नाही, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवावेत आणि पुढची तुलना त्यांच्याशी करावी.

पाण्याची बाजू सर्वांत दगाबाज. बरीच इंजिनं थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होत आली आहेत. जॅकेटची झाकणं काढून गाळ खरवडावा, राहिलेला थर सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडने काढावा, भरपूर धुवावं आणि ३० पीएसआयच्या आसपास पाण्याचा दाब देऊन गळती शोधावी. हेडला व्हॉल्व्हांच्या मधल्या पुलावर डाय-पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारून चीर बघावी. चीर निघाली तर कास्ट आयर्न वेल्ड करायच्या मागे लागू नये, नीट तापवल्याशिवाय केलेलं वेल्डिंग शेजारी नवी चीर पाडतं. धातूचे टाके घालून केलेली थंड दुरुस्ती टिकते. शक्य असेल तर कीलकूलर (बोटीच्या तळाला बाहेरून लावलेल्या, पाणी थंड करणाऱ्या नळ्या) किंवा हीट एक्स्चेंजर बसवून जॅकेटमध्ये गोडं पाणी फिरवावं. खारं पाणीच ठेवायचं तर ते ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर क्षार जॅकेटमध्ये बसायला लागतात. एक्झॉस्टवरचं जुनं पांढरं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चालावं. त्याला सुरी लावू नये, तो काढणारे प्रशिक्षित लोक बोलवावेत.

अ‍ॅटलसची फ्युएल सिस्टिम समजून घेण्यासारखी आहे. एकच पंप सामाईक रेलमध्ये दाब ठेवतो आणि कॅम प्रत्येक स्प्रे व्हॉल्व्हची सुई वेळेवर उचलतो. रेलमध्ये दाब कायम असल्यामुळे सुई नीट बसत नसेल तर बंद इंजिनातही डिझेल सिलिंडरमध्ये ठिबकतं. पुढच्या स्टार्टला ते एकदम पेटतं किंवा पिस्टनला अडवतं. तपासायला हातपंपाने दाब चढवावा आणि गेज पाहत बसावं. काटा उतरू लागला की कॉक उघडून कोणतं सिलिंडर ओलं होतंय ते शोधावं आणि त्याची सुई लॅप करावी, म्हणजे घासून नीट बसती करावी. चालू फवाऱ्यापुढे हात कधीही नेऊ नये. तो कातडी फोडून आत शिरतो, अशी जखम लहान दिसली तरी लगेच शस्त्रक्रियेची असते.

सुरू करायच्या दिवशी लुब्रिकेटरच्या पेटीचा दांडा हाताने ४०-५० वेळा फिरवावा, म्हणजे लायनरला तेल पोहोचतं. रॉकर, कॅमचे रोलर, व्हॉल्व्हचे दांडे, सगळीकडे ऑइल कॅन फिरवावा. सी-कॉक उघडावा. इंडिकेटर कॉक उघडे ठेवून बारने दोन फेरे, आणि बार बाहेर काढून त्याच्या जागी टांगावा. फ्लायव्हीलमध्ये विसरलेला बार हवेच्या पहिल्या झटक्याला तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. मग कॉक उघडेच ठेवून क्षणभर हवा द्यावी. पाणी किंवा डिझेल उडालं तर तिथेच थांबून कारण शोधावं. कोरडी हवा आली तर कॉक बंद, हातपंपाने रेलचा दाब पुस्तिकेतल्या आकड्यावर आणि लीव्हर स्टार्टवर. पहिल्या फेऱ्या-दोन फेऱ्यांत ते पेट घेतं. लगेच लीव्हर रनवर, नजर ऑइल गेजवर, मग बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. काही सेकंदांत तेलाचा दाब आला नाही तर बंद.

चालू असताना स्टार्टिंग एअरच्या प्रत्येक फाट्यावर हात लावत जावं. एखादा पाईप तापला असेल तर त्या सिलिंडरचा एअर स्टार्ट व्हॉल्व्ह गळतोय आणि गरम वायू हवेच्या लाईनमध्ये येतोय. लाईनमध्ये तेल साचलेलं असेल तर स्फोट होतो, म्हणून बॉटलचं पाणी-तेल रोज काढावं. थेट उलटणाऱ्या इंजिनाला धक्क्याला लागताना प्रत्येक पुढे-मागेला हवा खर्च होते. भरलेल्या बॉटलीवर लागोपाठ १२ स्टार्ट मिळाले पाहिजेत. ते बंदरातच मोजून घ्यावेत.

दर तासाला रॉकरला तेल, क्रँककेसच्या दारांवर तळहात. एखादं दार इतरांपेक्षा गरम लागलं तर वेग उतरवून इंजिन बंद करावं, पण दार निदान २० मिनिटं उघडू नये. आत तेलाची वाफ असते आणि बाहेरची हवा मिळताच ती पेटू शकते. प्रत्येक सिलिंडरला पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मापक) असेल तर तापमानांतला फरक ३० अंशांच्या आत आणावा, स्प्रे व्हॉल्व्हचं लॅश (मधली मोकळी फट) किंचित बदलून. धक्क्याला बांधून तासन्‌तास आयडलवर चालवण्यात काही साधत नाही. सिलिंडर थंड राहतात, रिंगांत काजळी बसते आणि एक्झॉस्टमधून तेल गळतं. चालवायचं तर लोडवर.

बंद करण्याआधी १०-१५ मिनिटं हलक्या लोडवर थंड होऊ द्यावं. मग रेलचा दाब सोडावा, कॉक उघडावेत, लुब्रिकेटर पुन्हा हाताने फिरवावा. थंडीत पाणी गोठण्याची शक्यता असेल तर जॅकेट आणि पंप रिकामे करावेत. बोट उभी राहणार असेल तर दर आठवड्याला कॉक उघडून, तेल देऊन बारने सव्वादोन फेरे द्यावेत, म्हणजे पिस्टन दर वेळी वेगळ्या जागी थांबतात आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्हही दर वेळी तोच नसतो.