‘कानी अराब्बियाती’ घरी लावायचा असेल तर

इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा ‘कानी अराब्बियाती’ (म्हणजे पिसाळलेले कुत्रे) हा सिनेमा चारचौघांना दाखवायचा बेत असेल, तर आधी सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावा. मी हे गमतीत सांगत नाहीये. आमच्या घरी महिन्यातून एकदा जुनी मंडळी सिनेमा बघायला जमतात आणि त्यात एक तरी असा निघतोच, की नट ओळखीचा वाटला म्हणून पटकन शोधून बघतो. या सिनेमाचा शेवट असा फुटला की पुढचा दीड तास चहा-भज्यांवरच काढावा लागतो.

दुसरी तयारी म्हणजे प्रत नीट बघून घेणे. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. चित्रीकरण १९७४ चं, पण निर्मात्याचं दिवाळं निघालं, चित्रफीत जप्तीत अडकली आणि सिनेमा वीसेक वर्षं पडून राहिला. बावा १९८० मध्ये गेला. आपला हा सिनेमा पडद्यावर लागलेला त्याने पाहिलाच नाही. शेवटी त्यातलीच नायिका लेआ लँडर हिने पुढाकार घेतला, अर्धवट राहिलेलं काम जुळवलं गेलं आणि १९९८ मध्ये ‘रॅबिड डॉग्ज’ या नावाने डीव्हीडी निघाली. पुढे आल्फ्रेडो लिओने हा दुसरा एक निर्माता आणि बावाचा मुलगा लाम्बेर्तो यांनी मिळून ‘किडनॅप्ड’ नावाची वेगळी प्रत बनवली. तिच्यात नव्याने घेतलेले प्रसंग आहेत आणि संगीतही बदललेलं आहे. याच लिओनेने आधी बावाच्या ‘लिझा अँड द डेव्हिल’ची मोडतोड करून त्यात भूत उतरवण्याचे प्रसंग घुसडले होते, हे ठाऊक असलं की माणूस आपोआप सावध होतो. लाम्बेर्तो मूळ चित्रीकरणाला वडिलांच्या हाताखाली होता, त्यामुळे त्याचा हेतू चांगलाच असणार. तरी पहिल्या वेळी ‘रॅबिड डॉग्ज’च लावा. २०१४ च्या ॲरो कंपनीच्या ब्लू-रेवर दोन्ही प्रती आहेत. मेनूत कुठली निवडताय ते बघून बटण दाबा.

सुरुवातीला भाषण नको, पण दोन मिनिटांची पार्श्वभूमी हवी. सत्तरच्या दशकातल्या इटलीत अपहरण हा अक्षरशः धंदा झाला होता. १० जुलै १९७३ ला रोममधून पॉल गेटी हा सोळा वर्षांचा पोरगा उचलला गेला. तेलसम्राट आजोबा पैसे सोडेनात, तेव्हा त्याचा कापलेला कान टपालाने एका वर्तमानपत्राकडे आला, आणि तोही टपाल संपामुळे उशिरा. पोरगा डिसेंबरात सुटला. अशा घटना इतक्या वाढल्या की पुढे १९९१ मध्ये घरच्यांची मालमत्ताच गोठवायचा कायदा करावा लागला, म्हणजे खंडणी देताच येऊ नये. एवढं सांगा आणि गप्प बसा. ‘अपहरण’ हा शब्द कानावर पडला की मंडळी पडद्यावरच्या दरोडेखोरांकडेच बोट दाखवतील. दाखवू द्या.

गोष्ट साधी आहे. पगाराची रोकड लुटून पळालेले तिघे मारिया नावाच्या बाईला ओलीस धरतात आणि एका माणसाची गाडी अडवून तिच्यात घुसतात. गाडीत चादरीत गुंडाळलेलं एक पोर आहे. पोर आजारी आहे, दवाखान्यात न्यायचंय, असं तो माणूस काकुळतीने सांगतो. त्याचं कोण ऐकतंय! पुढचा जवळजवळ सगळा सिनेमा त्या चालत्या गाडीतच घडतो.

आता बघताना काय बघायचं. बावा म्हणजे स्टुडिओतला जादूगार: रंगीत दिवे, धुकं, काचेवर रंगवलेले वाडे. वडील युजेनिओही कॅमेरा आणि ट्रिक-फोटोग्राफीतले, त्यामुळे हे घरातच मुरलेलं. इथे त्याने ते सगळं बाजूला ठेवलं आणि कॅमेरा घेऊन खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गाडीत, भर उन्हाळ्यात घुसला. चेहरे इतके जवळून दिसतात की घामाचा ओघळ कपाळावरून भुवईत उतरतानाही सुटत नाही. आमच्याकडे एकाने उठून पंखा वाढवला होता. मी तो मुद्दाम कमी केला. शक्य असेल तर दुपारीच लावा, खिडक्या लावून. ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर प्रतीला दोष देऊ नका, इटलीत तेव्हा आवाज नंतरच चढवत.

गाडी चालवणारा रिकार्दो कुच्चोला. १९७१ मध्ये ‘साक्को ए वान्झेत्ती’ या सिनेमासाठी कान महोत्सवात याला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं होतं. आधी ही भूमिका ‘गॉडफादर’मधल्या सोलोत्झोकडे, म्हणजे अल लेत्तिएरीकडे होती, पण दारूपायी त्याला काढावं लागलं. झालं ते बरंच झालं. लेत्तिएरी दिसला की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून त्याच्यावर नजर ठेवतो. कुच्चोला शेजारच्या बँकेत कारकून असावा तसा दिसतो.

एक सूचना मनापासून. मधे मारियाची जी विटंबना होते ती लांब आहे आणि अंगावर येते. आधी सांगून ठेवा, कुणाला उठायचं असेल तर उठू द्या. ‘त्रेंतादुए’, म्हणजे बत्तीस, हे तिघांतल्या दांडगटाचं टोपणनाव कशावरून पडलं तेही त्यात कळतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर आधीच विचार करा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आता वाचणं थांबवा.

शेवटी बंदूक त्या पोराच्या चादरीतूनच निघते. दरोडेखोर मरतात, मारियाही मरते, आणि वाचलेला गरीब बाप फोन लावतो तो पोराच्या आईला. खंडणीसाठी. पोर त्याचं नाहीच, आजारीही नाही. गुंगीचं औषध देऊन निजवलेलं आहे. यानंतर लगेच दिवे लावू नका. नावं संपू द्या आणि पहिली पंधरा मिनिटं पुन्हा लावा. माझ्या मते या सिनेमाची खरी मजा तिथे आहे. गाडीत एवढा आरडाओरडा चाललाय आणि पोर झोपलेलंच. बाप पोरासाठी गयावया करतो तेव्हा आजाराची थाप सोडली तर त्याची काळजी खोटी नसते: पोराला धक्का लागू नये असं त्याला खरंच वाटतं, माल आहे तो. पहिल्यांदा ज्याची कीव आली त्याच चेहऱ्यावर दुसऱ्यांदा फक्त हिशेब दिसतो, आणि कुच्चोलाने त्यासाठी वेगळं काहीच केलेलं नाही.

२०१५ चा फ्रेंच ‘आंराजे’ ही याच गोष्टीची नवी आवृत्ती. ती त्याच दिवशी लावू नका, आणि हा पाहायच्या आधी तर मुळीच नको.