खाण बंद कशी होणार, तिथून सुरुवात करा

अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यातल्या लिथियम प्रकल्पांचा गाजावाजा सुरू झाल्यापासून मायनिंग शिकणारी मुलंमुली मला प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं सॉफ्टवेअर शिकू? व्हल्कन, डेस्विक, माइनप्लॅन, यांतलं एक नीट आलं की दुसरं थोड्या दिवसांत हाताला बसतं. त्यावर वेळ घालवत नाही. मी इथे एका सल्लागार कंपनीत खाणींच्या रिक्लमेशनचे, म्हणजे खणलेली जमीन पुन्हा नीट करून देण्याचे, आराखडे करते आणि त्याचा खर्च काढते. या कामात नव्या माणसाची पंचाईत होते ती वेगळ्याच जागी. कॉलेजात आपण खाण उघडायला शिकतो, आणि सार्वजनिक जमिनीवर खाण उघडायची परवानगी मिळते ती बंद कशी करणार हे दाखवल्यावर.

आधी थोडा कायदा. कंटाळा आला तरी वाचा, कारण उद्या तुमच्या नकाशावरची प्रत्येक रेघ यावरून ठरणार आहे. नेव्हाडाची ८० टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिचा मोठा हिस्सा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, सांभाळतं. अशा जमिनीवर खनिज सापडलं तर हक्क सांगता येतो तो १८७२ च्या खाण कायद्याखाली, आणि हा कायदा आजही चालू आहे. एका लोड क्लेमचा, म्हणजे खडकातल्या खनिजावर हक्क सांगितलेल्या तुकड्याचा, आकार जास्तीत जास्त १५०० फूट बाय ६०० फूट, म्हणजे साधारण २० एकर. त्यातून काढलेल्या लिथियमवर केंद्र सरकारला रॉयल्टी द्यावी लागत नाही. हे ऐकून नवखे चकित होतात, आणि व्हायलाच हवं. १९७६ च्या कायद्याने मात्र बीएलएमवर जबाबदारी टाकली की जमिनीची 'अनावश्यक किंवा अवाजवी' हानी होऊ द्यायची नाही. त्यातून ३८०९ क्रमांकाची नियमावली आली. शोधकामात पाच एकरांपर्यंतच उखणायचं असेल तर नुसती नोटीस पुरते. प्रत्यक्ष खाणीला संपूर्ण 'प्लॅन ऑफ ऑपरेशन्स' लागतो, त्यातच रिक्लमेशनचा आराखडा असतो, आणि त्यावर पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास होतो.

थॅकर पास या लिथियम खाणीचं उदाहरण घ्या. हम्बोल्ट काउंटीत, सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या मॅकडर्मिट ज्वालामुखीच्या खचलेल्या विवरात, तळ्याच्या गाळात लिथियम अडकलेली चिकणमाती आहे. बीएलएमने जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी दिली, खटले झाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने बहुतेक आक्षेप फेटाळले. एक मुद्दा मात्र बीएलएमकडे परत पाठवला: जिथे टाकाऊ दगडमाती टाकायची, त्या जमिनीवरचे क्लेम वैध आहेत का? आदल्याच वर्षी अॅरिझोनातल्या रोझमाँट तांबेखाणीच्या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवलं होतं की टाकाऊ मालाच्या ढिगासाठी, म्हणजे डंपसाठी, सरकारी जमीन आपोआप मिळते असं धरता येणार नाही. तोवर प्लॅनर मंडळी डंपची जागा उतार आणि अंतर बघून ठरवायची. आता डंपखाली खनिज आहे का, हेही बघावं लागतं. आणि ज्या जागेखाली खरंच खनिज आहे तिथे डंप टाकायला कुठल्या प्लॅनरचा हात धजावेल, हा प्रश्न मी मुलाखतीत हमखास विचारते.

आता बाँड. माझ्या मते नव्या माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. कंपनीने जमीन उखणण्याआधी सरकारकडे आर्थिक हमी ठेवायची असते, आणि ती किती ठेवायची हे काढताना गृहीत धरायचं की कंपनी उद्या बुडाली. मालक गायब, यंत्रं गायब, आणि बीएलएमला बाहेरचा कंत्राटदार बोलावून सगळं आवरून घ्यायचं आहे. म्हणजे तुमच्या खाणीत आज उभा असलेला स्वतःचा डोझर फुकट धरायचा नाही. भाड्याचा डोझर, तो दूरवरून आणण्याचा खर्च, सरकारी कंत्राटाच्या दराची मजुरी, कंत्राटदाराचा नफा, आकस्मिक खर्च, वर सरकारचा देखरेखीचा खर्च, हे सगळं लावायचं. प्लांटचं पोलाद भंगारात विकून पैसे येतील, हेही धरायचं नाही. नेव्हाडात यासाठी एसआरसीई नावाची एक भलीमोठी स्प्रेडशीट वापरतात. ती भरता आली तर तुम्हाला इथे काम मिळेल, असं मी बेधडक सांगते. दर तीन वर्षांनी, आणि आराखडा बदलला तर मध्येही, हा हिशेब नव्याने करावा लागतो.

हा हिशेब डंपच्या आकारात कसा शिरतो ते एकदा आकडे मांडून बघा. ट्रकने वरून ओतलेला दगड आपल्या नैसर्गिक उतारावर थांबतो, साधारण १.४ आडवं आणि १ उभं. रिक्लमेशनला बहुतेक वेळा ३ आडवं आणि १ उभं असा उतार हवा असतो, म्हणजे माती ठरते आणि पाणी घळी पाडत नाही. समजा ३०० फूट उंचीचा डंप एकाच उतारात ओतला. वरचा भाग खाली ढकलून उतार सपाट करायचा तर मधली उंची जागच्या जागी राहते, आणि पायथा पुढे सरकतो (३ - १.४) × १५०, म्हणजे २४० फूट. त्या २४० फुटांत तुमचा पावसाचं पाणी वळवणारा चर असेल किंवा क्लेमची हद्द संपत असेल तर झालंच. आता तोच डंप ५० फुटांच्या सहा थरांत रचा आणि प्रत्येक थरानंतर ८० फुटांची पायरी सोडा. एकूण उतार आधीच ३ ला १ झालेला असतो, डोझरला फक्त पायऱ्यांच्या कडा मोडायच्या असतात. एकाच उतारात दर फूट लांबीला १८,००० घनफूट ढकलावे लागत होते, इथे ३,०००. सहापटीचा फरक, आणि ढकलायचं अंतर कमी ते वेगळंच. डंप व्यापतो ती जागा शेवटी सारखीच. फक्त पायऱ्या सोडायचा निर्णय पहिल्या वर्षी घ्यावा लागतो, विसाव्या वर्षी घेऊन उपयोग नाही.

लिथियमच्या मातीची आणखी एक गंमत आहे. एका टनात लिथियम जेमतेम काही किलो. थॅकर पासच्या पद्धतीत ही माती गंधकाम्लात मुरवून लिथियम काढतात. उरलेला चिखल आम्ल मारून, दाबून, पाणी काढून कोरडा रचून ठेवायचा. म्हणजे जेवढं खणलं त्यातलं जवळजवळ सगळं इथेच राहतं, आणि शेवटी त्यालाही आकार द्यायचा, झाकायचं, पेरायचं. सोय एवढीच की हे साठे उथळ आणि आडवे पसरलेले आहेत. सोन्या-तांब्याच्या खाणी खाली खाली जातात, त्यामुळे शेवटपर्यंत खड्डा भरायला मोकळा होत नाही. इथे एका बाजूचं खणून झालं की पुढच्या भागातला टाकाऊ माल मागच्या खड्ड्यात भरता येतो. सुरुवातीची वर्षं माल बाहेरच टाकावा लागतो, कारण भरायला जागाच नसते. किती वर्षं, हे खोदाईच्या क्रमावर ठरतं, आणि तो क्रम लावणं हे प्लॅनरचं खरं कसब.

खड्डा भरायचा कशासाठी? मुख्यतः पाण्यासाठी. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला आणि उपसा बंद केला की तिथे तळं साचतं. नेव्हाडाच्या कोरड्या हवेत त्याचं पाणी उडत राहतं आणि क्षार, धातू मागे साठत जातात. सोन्याच्या जुन्या खाणींमध्ये अशी तळी आहेत. भरून टाकलं की तळं होत नाही, पण भरलेल्या मालातून झिरपणारं भूजल काय उचलतं हा पुढचा प्रश्न. थॅकर पासच्या अभ्यासात तिथे अँटिमनी या विषारी मूलद्रव्याचं नाव आलं. राज्याने २०२२ मध्ये परवाना देताना खोदाई भूजलपातळीच्या वरच ठेवायची अट घातली. म्हणून सांगते, हायड्रोजिओलॉजीचा पेपर ऑप्शनला टाकू नका. आम्ल-आम्लारी चाचणी, ह्युमिडिटी सेल, म्हणजे दगडातून आम्ल आणि धातू किती सुटतील हे तपासणाऱ्या चाचण्या, यांचे अहवाल वाचता येणारा मायनिंग इंजिनिअर क्वचित मिळतो, आणि त्याला मीटिंगमध्ये गप्प बसावं लागत नाही.

मातीबद्दल बोलायचं तर इथले लोक तिला 'टॉपसॉइल' म्हणत नाहीत, 'ग्रोथ मीडिया' म्हणतात, कारण सुपीक थर म्हणावा असा थर बहुतेक ठिकाणी नसतोच. जे काही झाडाला धरून ठेवेल ते आधी खरवडून बाजूला ढीग करून ठेवायचं. एक एकर एक फूट झाकायला सुमारे १,६०० घनयार्ड लागतात. हा आकडा पाठ ठेवा, कारण आराखड्यात ही माती नेहमी कमी पडते आणि मग कुठून आणणार याचं उत्तर कुणाकडे नसतं. ढिगावर पाटी लावायची आणि त्यावरही बी पेरायचं, नाहीतर वर्षभरात चीटग्रास त्याचा ताबा घेतं. हे बाहेरून आलेलं गवत हिवाळ्याआधीच उगवतं, वसंतातली ओल पिऊन टाकतं, उन्हाळा लागतो न लागतो तोच वाळून फिकट पिवळं पडतं आणि ठिणगी पडली की भडकतं. त्या ढिगावरून एकदा चालून या. बूट काढल्यावर मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून उपसावी लागतात, आणि तेव्हा कळतं की ट्रकच्या टायरबरोबर ती कुठवर जात असतील.

सेजब्रश या इथल्या मूळच्या झुडपाचं बी धुळीइतकं बारीक. ते मातीत गाडलं तर उगवत नाही, शरदाच्या शेवटी वरवर फेकून हलकं दाबायचं आणि बर्फावर सोडायचं. राज्याचा सरासरी पाऊस वर्षाला १० इंचांच्या आसपास, त्यात कोरडं वर्ष आलं तर पुन्हा पेरणी. बाँड परत मिळतो तोही टप्प्याने: भराव, उतार, पाण्याचे चर झाले की त्या भागाच्या ६० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेला हिस्सा वनस्पती आणि पाणी कसोटीला उतरल्यावर. मातीकाम एका हंगामात उरकतं, झुडपं तसं वेळापत्रक पाळत नाहीत.

कधी कधी एकच रोपटं सगळा नकाशा हलवतं. एस्मेराल्डा काउंटीतल्या ऱ्होलाइट रिज या दुसऱ्या लिथियम प्रकल्पाच्या जागी टीम्स बकव्हीट नावाचं पिवळ्या फुलांचं झाड आहे. साऱ्या जगात ते तिथेच, सुमारे १० एकरांत, नेमकं लिथियम आणि बोरॉन असलेल्या मातीवर उगवतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला संकटग्रस्त जाहीर केलं गेलं, खाणीची मांडणी बदलावी लागली, आणि मंजुरी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. सेज ग्राउझ पक्ष्यांच्या विणीच्या काळात, मार्चपासून पुढे, कामाच्या वेळा बदलतात. थॅकर पासच्या जागेला इथले मूळनिवासी पायूट लोक पीही मूहू म्हणतात आणि आपल्या लोकांच्या १८६५ च्या कत्तलीशी ती जोडतात. कंपनीशी करार करणारी जमात तिथे आहे आणि कोर्टात गेलेल्या जमातीही आहेत. यावर बाहेरून आलेल्या इंजिनिअरने घाईने मत देऊ नये. सुनावणीला जावं, मागच्या रांगेत बसावं आणि गुरं राखणारे, जमातीचे लोक काय बोलतात ते लिहून घ्यावं. ज्या शंका तिथे निघतात त्याच पुढे खटल्यात येतात.

आता नोकरीचं. बीएलएमसारख्या केंद्र सरकारच्या जागा साधारणपणे अमेरिकन नागरिकांनाच मिळतात, तेव्हा परदेशी विद्यार्थ्याचा रस्ता खाणकंपन्या आणि सल्लागार कंपन्यांतून जातो. रीनोच्या नेव्हाडा विद्यापीठातलं मॅके स्कूल इथल्या खाणींना जवळचं. इंटर्नशिपला खाणीत काम करायचं तर एमएसएचए, म्हणजे खाणसुरक्षा बघणारी केंद्रीय संस्था, हिचं नवख्यांचं २४ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते आधीच करून घेतलं तर अर्जावर दिसतं. आणि अर्ज करण्यापूर्वी बीएलएमने खुल्या ठेवलेल्या कागदांतून एखाद्या खाणीचा प्लॅन ऑफ ऑपरेशन्स उतरवून घ्या. मुख्य अहवाल सोडा, परिशिष्टातला रिक्लमेशन खर्च उघडा आणि डंपच्या पायथ्याचे आकडे स्वतः लावून बघा.