घणसोलीत खोली, महापेत इंटरव्ह्यू: नोकरी शोधायला आलेल्यांसाठी

सोलापूर-बार्शीकडून येणारी ट्रॅव्हल्स पहाटे कळंबोली, नेरुळ, वाशी करत माणसं उतरवत जाते. त्यात पाठीला सॅक आणि हातात सर्टिफिकेटांची फाइल असलेली दोन-चार पोरं-पोरी हमखास असतात. मीही तशीच उतरले होते. आता बरीच वर्षं इथे नवी मुंबईत अकाउंट्समध्ये आहे आणि गावाकडून फोन चालूच असतात, "ताई, पोरगी येतेय, जरा बघा." प्रत्येकीला जे सांगते ते इथे एकदाच लिहिते.

आधी खोली. ट्रान्स हार्बरच्या पट्ट्यात बघा, म्हणजे रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. २००४ मध्ये ही ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि शोधणाऱ्याचं निम्मं काम सोपं झालं. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, तुर्भ्याची एमआयडीसी सगळं जवळ, आणि ठाण्याला उतरून टीएमटीची बस धरली की वागळे इस्टेट. एकाच दिवशी सकाळी वागळेला आणि दुपारी महापेला इंटरव्ह्यू देता येतो. लांबच्या नातेवाइकाकडे फुकट राहायला मिळतंय म्हणून बदलापूरला राहिलात, तर भाडं वाचतं, पण इंटरव्ह्यूला पोचेपर्यंत तोंड उतरलेलं असतं. गावठाणातल्या चाळीत किंवा कॉटवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, सुरुवात करा. करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करून घ्या, बँकेत आणि पोलीस व्हेरिफिकेशनला तोच लागतो. आणि हो, इथल्या पोळी-भाजी केंद्रात भाकरी मिळते, पण बऱ्याचदा तांदळाची. ज्वारीची हवी असेल तर आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. इथे ओळखीवर नोकरी लागते असं गावात सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कोपरखैरणे-घणसोलीत सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं आहेत, प्रत्येक तालुक्याचं मंडळ आहे, गणपतीत आणि हळदीकुंकवाला सगळं गाव भेटतं. पण तिथे "काही असेल तर सांगा हं" म्हणालात तर समोरचा "हो हो, नक्की" म्हणतो आणि विसरतो. त्याचा दोष नाही. त्याला कळतच नाही, नेमकं काय करायचं ते.

म्हणून मागताना नेमकं मागा. "काका, तुमच्या कंपनीत अकाउंट्सला हेड कोण आहे, तेवढं विचारून सांगाल का?" "दादा, तुमच्याकडे भरती थेट होते की थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे कंत्राटदाराच्या नावावर?" "ताई, माझा रेझ्युमे दहा मिनिटं बघाल का?" असं विचारलं की माणूस त्याच दिवशी काम करून टाकतो. फोन कधी करायचा हेही शिकून घ्या. आमच्या खात्यात कर आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा असतात: महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी भरायचं रिटर्न ३बी. त्या दिवसांत फोन केलात तर मी प्रेमाने बोलेन, पण डोकं दुसरीकडे असेल. २० नंतर करा. प्रत्येक धंद्याला असं वेळापत्रक असतं. पॅकिंगवाल्याला महिनाअखेर नको, एपीएमसीतल्या, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातल्या माणसाला पहाटे तर नकोच नको.

दुसरं, एकटं शोधू नका. चार-पाच जण जमवा, सगळे शोधणारेच असले तरी चालेल. आमच्याकडे रविवारी सकाळी अशी टोळी बसते, कधी माझ्या घरी, कधी वाशीच्या मिनी सीशोरला. मागच्या पावसाळ्यात करमाळ्याकडची एक मुलगी आली होती. बीकॉम, टॅली येतं, गावाकडच्या कर सल्लागाराकडे काम केलेलं. रेझ्युमेवर लिहिलं होतं, "अकाउंट्सची सर्व कामे केली." मी विचारलं, सर्व म्हणजे काय? ती गप्प. मग बाकीच्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती दुकानांची खाती होती? बिलं कोण चढवायचं? बँकेशी जुळवणी कोण करायचं? पोर्टलवर आकडा जुळला नाही तर? तेव्हा कुठे बाहेर आलं की कृषी सेवा केंद्रापासून मेडिकलपर्यंत सगळ्यांचं खरेदी-विक्रीचं रजिस्टर हीच बघायची आणि इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळलं नाही की व्यापाऱ्याला फोन लावून बिल मागवायचीसुद्धा हीच. ते तसंच, तिच्याच शब्दांत, रेझ्युमेवर उतरवलं. तिला स्वतःला हे काम "काही विशेष" वाटतच नव्हतं. टोळीचा खरा उपयोग हा. धीर देणं नंतरचं.

धीराचंही सांगते. नकार आला तर समजतो. काहीच उत्तर येत नाही, ते जास्त खातं. एचआर "कळवतो" म्हणतो आणि फोन उचलत नाही. आठवड्याने एक मेल, त्यानंतर आणखी एक, मग ती जागा वहीतून खोडा. वही ठेवाच. कंपनी, तारीख, कोणाशी बोललो, काय विचारलं. टोळीतल्या दुसऱ्याला त्याच ठिकाणी जायचं असलं की तुमची वही त्याला उपयोगी पडते.

घरचा फोन हाही एक विषय आहे. "झालं का काही?" हा प्रश्न आई काळजीने विचारते, पण रोज विचारला की छातीत धस्स होतं. सरळ सांगून टाका, रविवारी मीच सांगेन, मधे विचारू नका. ऐकतात. आणि दिवसभर खोलीत मोबाइल घेऊन पडू नका. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. चार पुस्तकं आणि चार माणसं दिसली तरी बरं वाटतं. झोप उडाली, जेवण जाईना, नको ते विचार यायला लागले, तर टोळीला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पैसे संपत आले की तात्पुरतं काम धरायला लाजू नका. डिलिव्हरी करा, कोचिंगमध्ये शिकवा, दुकानाची बिलं चढवा. फक्त इंटरव्ह्यूच्या वेळा मोकळ्या राहतील असं काम बघा. बारा तासांची ड्युटी घेतलीत तर शोध तिथेच थांबतो. असं अडकलेले मी पाहिलेत.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण इथे मला राग येतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि "एअरपोर्टला डायरेक्ट भरती" सांगणाऱ्यांना आयतं कुरण मिळालं. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो, नोकरीसाठी पैसे मागितले की उठून या. ओरिजिनल सर्टिफिकेट कोणाच्या ताब्यात देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. कॉन्ट्रॅक्टवर लागलात तर दोन-तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेलं भरलंय का, ते तिथे दिसतं.

जागा कधी निघतात? माझ्या पाहण्यात दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर आणि एप्रिलचं इन्क्रिमेंट कळल्यावर माणसं राजीनामे देतात. त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत जोर लावा. मे-जूनमध्ये गावी लग्नं असतात हे मला माहीत आहे. सगळ्या लग्नांना जायची गरज नसते, सख्ख्या भावाबहिणीचं सोडून.

नोकरी लागली की ज्यांनी ज्यांनी एक फोन केला, एक नाव सांगितलं, त्या सगळ्यांना कळवा. मग रुजू झाल्यावर आठवडाभरातच एचआरकडून रेफरलची पद्धत विचारून घ्या. काही ठिकाणी प्रोबेशन संपेपर्यंत कोणाचं नाव देता येत नाही. तसं असेल तर टोळीला आधीच सांगा, म्हणजे ते तेवढे महिने तुमच्याकडे डोळे लावून बसणार नाहीत.