स्कॅनरची तुलना कशी करावी आणि व्यत्ययाचं मूळ कसं शोधावं

रेडिओ स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी आपोआप तपासत चालू संभाषण पकडणारा संच, घेताना बहुतेकांची नजर संवेदनशीलतेच्या (क्षीण संकेत पकडण्याच्या क्षमतेच्या) आकड्यावर जाते. पण दाट वस्तीत कानाला त्रास होतो तो बहुधा क्षीण संकेतामुळे नव्हे, तर जवळच्या एफएम केंद्राच्या जोरदार लहरींमुळे. अतिसंवेदनशील संच अशा ठिकाणी आधी गडबडतो. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. तुलना आपल्याच जागी, आपल्याच अँटेनावर करा.

दोन्ही संच स्प्लिटरने एकाच अँटेनाला जोडा. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक संचाचे साधारण ३.५ डेसिबल (संकेताच्या ताकदीचं माप) जातात, पण तोटा दोघांनाही सारखाच. मध्येच जोडण्यांची अदलाबदल करून पाहा. विमानांचा बँड (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ) ऐकत असाल तर दोन्हीकडे एएम मोड आहे ना, तेही बघा. स्क्वेल्च (संकेत नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवा. ऐकायला एकच हेडफोन वापरा, कारण मोठ्या स्पीकरचा संच उगाचच सरस वाटतो. चाचणीला विमानतळावरून अखंड चालणारं हवामानाचं प्रसारण उत्तम. अधूनमधून बोलणाऱ्या वैमानिकाच्या आवाजावर तुलना होत नाही. मात्र काय ऐकायला परवानगी आहे याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी पाहून घ्या.

आता व्यत्यय. आधी अँटेना काढा. तरीही स्कॅनर एखाद्या फ्रिक्वेन्सीवर अडकत असेल, तर तो संकेत बहुधा संचाच्या आतल्याच ऑसिलेटरचा (लहरी निर्माण करणाऱ्या भागाचा). ती फ्रिक्वेन्सी वगळा आणि पुढे चला.

अँटेना काढल्यावर खरखर गेली, तर ती बाहेरून येते आहे. स्कॅनर बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर दोषी घरातच आहे. एकेक उपकरण परत सुरू करत जा. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचे अडॅप्टर हे नेहमीचे संशयित. सापडलेल्याच्या वायरवर फेराइट कोअर (वायरीतून जाणारा व्यत्यय दाबणारी कडी) लावा किंवा अडॅप्टर बदला. अँटेना खिडकीबाहेर वर नेता आली तर फरक याहून जास्त पडतो.

खरी डोकेदुखी म्हणजे विमानांच्या बँडवर ऐकू येणारी गाणी. १०७.१ आणि ९३.५ मेगाहर्ट्झची दोन केंद्रं जवळ असली, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरी म्हणजे १२०.७ वर संचाच्या आतच भुताटकी संकेत तयार होतो. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा जोड) लावा. खरा संकेत १० डेसिबलनेच उतरेल, हा मात्र ३० च्या आसपास कोसळेल, बहुतेक वेळा गायबच होईल.

आणखी एक कारण तपासा. पहिली आयएफ (संच आलेला संकेत आतमध्ये ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) १०.७ मेगाहर्ट्झ असलेल्या संचात २१.४ मेगाहर्ट्झ दूरचं केंद्र प्रतिमा म्हणून, म्हणजे चुकीच्या जागी, ऐकू येऊ शकतं; १२७ वर १०५.६ चं ऐकू आलं तर संशय इथेच घ्या. दोन्हींवर उपाय एकच: अँटेना आणि संच यांच्यामध्ये ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा नॉच फिल्टर. पोकळ हमी देणाऱ्या ‘बूस्टर’पासून मात्र लांब राहा, तो दणका आणखी वाढवतो.

फिल्टर बसल्यावर दोन्ही संचांची तुलना पुन्हा करा. निकाल उलटू शकतो.